पुराव्याची विद्या आणि बाबासाहेब

विद्यापीठाच्या ग्रंथालयात नवा विद्यार्थी आला, की त्याला ओळखपत्र मिळते, विषयवार कपाटांची दिशा दाखवली जाते आणि संगणकावर ग्रंथाचे नाव कसे शोधावे तेही सांगितले जाते. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. हाती आलेल्या दहा पुस्तकांपैकी कोणावर विसंबायचे, लेखकाने हे विधान कशाच्या आधारावर केले, मूळ दस्तऐवज कुठे सापडेल, दोन साधने परस्परविरोधी बोलत असतील तर निर्णय कसा करायचा, या प्रश्नांची उत्तरे कपाटावर लावलेल्या पाट्यांमध्ये मिळत नाहीत. ती विद्या शिकावी लागते आणि कोणीतरी शिकवावी लागते. अमेरिकेत पॉल झुरकोव्हस्की यांनी १९७४ साली या विद्येला एक नाव दिले. मराठीत तिला आपण माहिती साक्षरता म्हणतो. जगभरच्या विद्यापीठ ग्रंथालयांनी पुढे तिचे वर्ग सुरू केले.

हे नाव रूढ होण्याच्या १८ वर्षे आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन झाले होते. राज्यघटनेचे शिल्पकार, दलितांचे मुक्तिदाते, अर्थतज्ज्ञ, धर्मचिंतक अशा अनेक नात्यांनी महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या ग्रंथप्रेमाच्या कथाही घरोघरी सांगितल्या जातात. परंतु ग्रंथप्रेम आणि ग्रंथविद्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुस्तके जमवणारे पुष्कळ असतात. पुस्तकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून त्याची उलटतपासणी घेणारे थोडे. बाबासाहेब दुसऱ्या वर्गातील होते. ज्या समाजात त्यांचा जन्म झाला, त्याला प्रत्येक अन्यायाचे कारण एकच सांगितले जाई : हे पूर्वापार चालत आले आहे. या पूर्वापाराला पुरावा मागण्याची क्षमता त्या समाजाच्या दृष्टीने मानवी हक्काइतकीच मोलाची होती. बाबासाहेबांनी ही क्षमता कशी मिळवली, कशी वापरली आणि मुंबईतील तरुणांच्या हाती ती देण्यासाठी काय केले, हा त्यांच्या चरित्राचा एक महत्त्वाचा, तरीही काहीसा मागे राहिलेला भाग आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. सुभेदार रामजी निवृत्तीनंतर दापोली व सातारा येथे राहून १९०४ च्या सुमारास कुटुंबासह मुंबईत आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत त्यांचा संसार थाटला गेला. गिरणी कामगारांच्या त्या गजबजलेल्या वस्तीत अभ्यासाला शांतता मिळावी, म्हणून रामजी मुलाला अपरात्री उठवून बसवीत. मुलाला पुस्तक हवे झाले की ते विवाहित मुलींकडे जाऊन पैसे उसने घेत. प्रसंगी त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती आले की तो सोडवून परत करीत. पुस्तकाची किंमत म्हणजे काय, हे भीमरावांना असे घरातच उमगले.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, पण संस्कृत शिकण्याची वाट बंद होती. अस्पृश्य विद्यार्थ्याला ती भाषा शिकवली जाणार नव्हती. नाइलाजाने त्यांनी पर्शियन घेतली. या घटनेकडे एरवी केवळ अपमान म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ती त्याहून अधिक गंभीर होती. ज्या ग्रंथांच्या आधारे एखाद्याचे माणूसपण नाकारले जाते, ते ग्रंथ वाचण्याचे साधनच त्याला नाकारणे, म्हणजे आरोपीला आरोपपत्र न दाखवता शिक्षा सुनावणे होय. या आरोपपत्राची प्रत मिळवण्यासाठी बाबासाहेबांना पुढे अनेक वर्षे खर्चावी लागली.

शाळा सुटल्यावर भीमराव चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. गिरगावच्या शेजारच्या या बागेत कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि चरित्रकारही नित्यनेमाने येत. एकाग्रपणे वाचणाऱ्या या मुलाची त्यांनी चौकशी केली, त्याला वाचायला पुस्तके देऊ लागले आणि वाचनाला दिशा दिली. भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. त्या वेळच्या अभिनंदन सभेत केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही केळुसकरांचाच पुढाकार होता. आज संदर्भ ग्रंथपालाकडून ज्या कामाची अपेक्षा धरली जाते, ते काम गिरगावच्या बागेतल्या बाकावर बसून एका शिक्षकाने केले होते. कोणत्या वाचकाला कोणत्या वेळी कोणते पुस्तक द्यावे, हे त्यांना कळत होते.

येथे सयाजीराव महाराजांच्या आणखी एका कार्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्याचे काम त्याच्यावर सोपवले. बॉर्डन यांनी १९११ मध्ये तेथे ग्रंथालयशास्त्राचा वर्ग सुरू केला. भारतातील अशा शिक्षणाचा तो आरंभ मानला जातो. खेडोपाडी जाणारी फिरती ग्रंथालयेही बडोद्याने याच काळात चालवली. ज्या राजाने अमेरिकेतून ग्रंथपाल आणला, त्याच राजाने १९१३ मध्ये परळच्या चाळीतील पदवीधर अमेरिकेला पाठवला. त्या वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

कोलंबियाचे ग्रंथालयांशी नाते जुने होते. मेलविल ड्यूई यांनी ग्रंथालयशास्त्राची जगातील पहिली शाळा १८८७ मध्ये याच संस्थेत काढली होती. मुंबईत परीक्षेपुरती नेमलेली पुस्तके वाचण्याची सवय असलेल्या विद्यार्थ्याला येथे निराळी शिस्त दिसली. प्राध्यापक एखादा प्रश्न देत. त्यावर आजवर कोणी काय लिहिले ते विद्यार्थ्याने स्वतः शोधायचे, त्यातील उणिवा दाखवायच्या आणि मग आपले मत चर्चासत्रात सहाध्यायांपुढे मांडून त्याचे समर्थन करायचे. एडविन सेलिग्मन यांच्याकडून सार्वजनिक वित्तव्यवहार, जॉन ड्यूई यांच्याकडून तत्त्वज्ञान आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन यांच्याकडून इतिहास शिकत असताना भीमरावांनी ही शिस्त अंगी बाणवली.

तिचे पहिले ठळक फळ म्हणजे ९ मे १९१६ रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचलेला भारतातील जातींविषयीचा निबंध. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. पंचविशीतील हा विद्यार्थी स्वतःच्या अनुभवाचा दाखला देऊन सुरुवात करीत नाही. तो आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या समोर ठेवतो, प्रत्येकीत काय टिकते आणि काय टिकत नाही ते तपासतो आणि त्यातून आपल्या सिद्धान्ताकडे येतो. यातील केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचा जातिसंस्थेवरील इंग्रजी ग्रंथ अमेरिकेतील त्यांच्या अध्ययनातून सिद्ध झाला होता. जातीचे चटके सोसलेल्या तरुणाने जातीविषयी लिहिताना इतका संयम पाळावा, हे कोलंबियाच्या शिस्तीचे आणि त्याच्या स्वतःच्या निग्रहाचे द्योतक होते. संतापाला पुराव्याची जोड मिळाली तर तो संताप कोणालाही दुर्लक्षिता येत नाही, हे त्याने वेळीच ओळखले होते.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे त्यांनी नाव नोंदवले. मात्र शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना परतावे लागले. त्यांच्या ग्रंथांचे सामान निराळ्या जहाजाने येत होते. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज पाणतीराने बुडाले आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. पाठोपाठ बडोद्याचा अनुभव आला. ज्या संस्थानात ग्रंथालये सर्वांसाठी उघडली गेली होती, तेथे परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत त्यांना कमाठी बागेत बसून राहावे लागले. ग्रंथालयाचे दार उघडले तरी समाजाचे दार आपोआप उघडत नाही, हा धडा त्यांना फार कठोरपणे मिळाला.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या व्याख्यानांची तयारी इतकी कसून असे, की अन्य महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यांच्या तासांना येऊन बसत. त्याच महाविद्यालयात प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. पगारातून शिल्लक टाकून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य घेऊन आणि मित्राकडून कर्ज काढून ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. निघण्यापूर्वी त्याच वर्षी ३१ जानेवारीला त्यांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते.

लंडनमधील या मुक्कामात त्यांचा दिवस ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात उगवत आणि मावळत असे. इंडिया ऑफिसचे ग्रंथालय आणि लंडन विद्यापीठाची ग्रंथालये येथेही त्यांचे काम चाले. जेवणावर खर्च करण्याइतके पैसे नव्हते आणि वेळही नव्हता. त्या काळातील त्यांची साधने कोणती होती, ते पाहिले पाहिजे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध मुख्यतः सरकारच्याच कागदपत्रांवर उभा आहे. १८३५ चा चलनविषयक कायदा, १८९३ मध्ये टांकसाळी बंद करण्याचा निर्णय, त्यामागील हर्शेल समिती, नंतरची फाउलर समिती आणि महायुद्धापूर्वीचा चेंबरलेन आयोग यांचे अहवाल त्यांनी बारकाईने वाचले. सरकार जे सांगत होते ते सरकारच्याच आकड्यांशी जुळते का, असा त्यांचा प्रश्न होता. जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या नामवंताने ज्या सुवर्ण विनिमय पद्धतीची बाजू घेतली होती, तिच्यावर त्यांनी कठोर टीका केली. नावाच्या वजनाने विधान खरे ठरत नाही, हे त्यामागचे सूत्र होते.

परीक्षकांना हा प्रबंध प्रथम रुचला नाही. त्यांनी तो सुधारून आणण्यास सांगितले. निष्कर्षांना धक्का न लावता बाबासाहेबांनी त्याचे पुनर्लेखन केले आणि १९२३ मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. ही पदवी मिळाली. ग्रंथ त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्याला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि लेखकाच्या अनेक युक्तिवादांशी आपण असहमत आहोत, हे त्या प्रस्तावनेतच नोंदवून त्याच्या विचारांतील ताजेपणाचे कौतुक केले. आपल्याच ग्रंथात आपल्याशी मतभेद छापू देणारा लेखक आणि मतभेद असूनही शिष्याची पाठ थोपटणारा गुरू, हे दृश्य विद्यापीठ या संस्थेचे सार सांगून जाते. कोलंबियासाठी लिहिलेला ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ १९२५ मध्ये आला. १८३३ ते १९२१ या काळातील केंद्र आणि प्रांत यांच्या आर्थिक संबंधांचा तो इतिहास असून, त्यातही जुनी अंदाजपत्रके आणि सरकारी ठराव हीच मुख्य साधने होती.

बाहेर जे पाहिले, त्याच्या तुलनेत घरचे विद्यापीठ त्यांना अपुरे वाटले, यात नवल नाही. मुंबई विद्यापीठाच्या सुधारणांसाठी नेमलेल्या समितीला त्यांनी १९२४ मध्ये लेखी निवेदन दिले. विद्यापीठ हे विद्येची वृद्धी आणि प्रसार करणारे विद्वानांचे केंद्र असले पाहिजे, केवळ परीक्षा घेणारे आणि पदव्या वाटणारे कार्यालय नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. पदवीपूर्व अध्यापन आणि संशोधन यांची फारकत करण्यासही त्यांचा विरोध होता. जो स्वतः शोध घेतो, त्याच्याच हाताखाली विद्यार्थ्याने शिकावे, हा त्याचा आशय. राजाबाई टॉवरखाली विद्यापीठाचे भव्य ग्रंथालय होते. पण परीक्षेसाठी टिपणे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या ग्रंथालयाची गरजच भासत नसेल, तर त्या भव्यतेचा उपयोग काय, हा प्रश्न त्या निवेदनातून आजही उभा राहतो.

त्याच वर्षी २० जुलै रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. परळच्या दामोदर हॉलमध्ये तिचे कार्यालय होते. अस्पृश्य समाजात शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे हे तिच्या उद्दिष्टांत होते. सभेने मुंबईत मोफत वाचनालयही चालवले. बाबासाहेब स्वतः त्या काळी परळच्या पोयबावडीवरील बी.आय.टी. चाळीत, ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत राहत. एका खोलीत संसार आणि दुसऱ्या खोलीत पुस्तके, अशी विभागणी होती. दिवसभर न्यायालय, शिकवणी आणि सभा, रात्री लेखन, असा त्यांचा क्रम असे. १९२७ मध्ये सुरू झालेल्या ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहीत. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते, अशांना ते वाचून दाखवले जाई. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही युक्तिवाद समजतो, यावर त्यांचा विश्वास होता.

पुराव्याच्या या विद्येची सर्वांत मोठी कसोटी महाडच्या चवदार तळ्यावर लागली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि त्या वर्षअखेर काही सवर्ण नागरिकांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

सत्याग्रह इतिहासात अजरामर झाला. हा दावा मात्र लोकांच्या स्मरणातून काहीसा निसटला. तो सुमारे नऊ वर्षे चालला. प्रश्न भावनेचा उरला नव्हता. तळ्याची मालकी कोणाची, याचे कागद काय सांगतात? वहिवाट अनादी आहे असे म्हणायचे तर ती किती जुनी आहे, हे कोण सिद्ध करणार? १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निर्णय दिला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अनादी काळापासून चालत आलेली म्हणून सांगितलेली वहिवाट वादींना सिद्ध करता आलेली नाही, असा त्याचा मथितार्थ होता. पूर्वापार या शब्दाला भर न्यायालयात पुरावा मागितला गेला आणि पुरावा निघाला नाही. महाडच्या पाण्यावरील हक्क अशा रीतीने फोर्टमधील न्यायदालनात कागदोपत्रीही शाबीत झाला.

दरम्यान, १९३०च्या दशकाच्या आरंभी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले. प्राचीन मगधाच्या राजधानीचे नाव धारण करणारी ही वास्तू त्यांनी प्रामुख्याने ग्रंथांसाठी बांधली. येथे जमलेल्या पुस्तकांची संख्या निरनिराळी सांगितली जाते. पन्नास हजारांचा आकडा अनेकदा कानावर येतो. आकडा काहीही असो, कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, धर्म, समाजशास्त्र अशा विषयांचा तो संग्रह कामाचा होता, दिवाणखान्याच्या शोभेचा नव्हता. १९३५ ते १९३८ या काळात शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद, विधिमंडळातील कामकाज आणि स्वतंत्र मजूर पक्षाची उभारणी या सर्व व्यापांत या ग्रंथालयातील बैठक कधी मोडली नाही.

तेथेच शाळेतील त्या जुन्या अन्यायाचा हिशेबही चुकता झाला. शूद्र मूळचे कोण होते, या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृत न जाणणाऱ्याने या विषयात पडावे का, असा आक्षेप येणार हे त्यांनी आधीच हेरले होते. प्रस्तावनेत त्यांनी आपल्या संस्कृतच्या ज्ञानाची मर्यादा मोकळेपणाने मान्य केली आणि इंग्रजीत उपलब्ध असलेल्या अनुवादांचा अनेक वर्षे अभ्यास करून आपण हे लेखन करीत असल्याचे नमूद केले. आपले साधन कोणते आणि त्याची मर्यादा कोणती, हे वाचकाला आधी सांगायचे आणि मग युक्तिवाद करायचा, हा संशोधकाचा धर्म त्यांनी पाळला. त्या ग्रंथातील निष्कर्षांवर विद्वानांत मतभेद आहेत. पण ते निष्कर्ष कशावर आधारलेले आहेत, हे शोधताना कोणाला अंधारात चाचपडावे लागत नाही.

स्वतःसाठी ग्रंथालय उभारणारा माणूस येथे थांबू शकला असता. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. प्रारंभी ते मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत भरत असे. पुढे फोर्टमधील आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत ते स्थिरावले. नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे, म्हणून वर्ग सकाळी भरवले गेले. गिरण्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत दिवसभर राबणाऱ्या कुटुंबांतील कितीतरी तरुण या सोयीमुळेच पदवीपर्यंत पोचले. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे. आयुष्यभर जपलेल्या स्वतःच्या ग्रंथांचा मोठा भाग त्यांनी याच संस्थेच्या हवाली केला. जो माणूस आपले पुस्तक सहसा कोणाला हाताळू देत नसे, त्याने ते परळ-लालबागच्या मुलांसाठी खुले केले, यातील त्याग पुस्तके जमवणाऱ्यालाच कळेल.

त्या ग्रंथांतून विद्यार्थ्यांना छापील मजकुराखेरीज आणखी काही मिळाले. पानापानांवर बाबासाहेबांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, अधोरेखिते आहेत. जॉन ड्यूई यांचा लोकशाही आणि शिक्षण या विषयावरील १९१६ चा ग्रंथ त्यांनी लंडनमध्ये असताना घेतला होता. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी त्या प्रतीवरील खुणा त्यांच्या लेखनाशी ताडून पाहिल्या. जातिनिर्मूलनाविषयीच्या १९३६ मधील त्यांच्या प्रसिद्ध भाषणापर्यंत ड्यूई यांचे विचार कसे पोचले, वाटेत बाबासाहेबांनी काय स्वीकारले, काय वगळले आणि काय नव्या अर्थाने मांडले, याचा मागोवा त्यातून घेता येतो. मोठा वाचक पुस्तकाशी कसा बोलतो, कुठे थांबतो, कुठे वाद घालतो, हे शिकवणारा याहून चांगला वर्ग कोणत्याही ग्रंथालयाला भरवता येणार नाही. अट एकच, की ग्रंथ जपले गेले पाहिजेत आणि विद्यार्थ्यांपुढे उघडले गेले पाहिजेत.

घटना मसुदा समितीचे अध्यक्षपद, कायदेमंत्रिपद, हिंदू कोड बिलासाठीचा झगडा आणि १९५१ मधील राजीनामा हा इतिहास सर्वज्ञात आहे. अखेरच्या वर्षांत प्रकृती साथ देत नसताना बाबासाहेब एका मोठ्या ग्रंथाच्या मागे होते. मॅट्रिकच्या वेळी केळुसकरांनी दिलेल्या बुद्धचरित्रातून जी जिज्ञासा जागी झाली, तिची परिणती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी लाखोंच्या साक्षीने त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ग्रंथ १९५७ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालयातर्फेच प्रकाशित झाला.

या ग्रंथातील एक भाग माहिती साक्षरतेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. बुद्धाच्या नावावर सांगितले जाणारे सर्वच बुद्धाचे आहे का, हा प्रश्न बाबासाहेबांनी तेथे उपस्थित केला आहे. बुद्धवचने दीर्घकाळ लिहिली गेली नव्हती. ती मुखोद्गत करणारे भाणक होते आणि स्मरणात चुका होणे स्वाभाविक होते. खुद्द बुद्धाच्या हयातीतही त्यांचे म्हणणे विपर्यस्त स्वरूपात पसरवले गेल्याची उदाहरणे बाबासाहेबांनी पाली सुत्तांतून दिली. मग खरे ओळखायचे कसे? बुद्ध बुद्धिनिष्ठ आणि तर्कनिष्ठ होते, तेव्हा त्या कसोटीवर न टिकणारे वचन त्यांचे मानू नये. मानवी कल्याणाशी ज्याचा संबंध नाही, अशा चर्चेत ते पडत नसत. आणि ज्या बाबी त्यांना निश्चित वाटत त्या आणि ज्या निश्चित वाटत नसत त्या, यांत ते भेद करीत. या कसोट्या त्यांनी वाचकाच्या हाती दिल्या. ज्यांच्यापुढे ते नतमस्तक झाले, त्यांच्या वचनांनाही त्यांनी तपासणीतून सूट दिली नाही.

आज १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले, की बाबासाहेबांची म्हणून असंख्य वाक्ये मोबाइलच्या पडद्यावरून फिरू लागतात. त्यातील कित्येकांना ग्रंथ नाही, पान नाही, तारीख नाही. त्यांच्या पदव्यांचे, भाषांचे, पुस्तकांचे आकडे दरवर्षी बदलत असतात. हे बहुधा आदरापोटीच घडते, पण यात त्यांच्या आयुष्यभराच्या शिकवणीची उपेक्षा होते. वस्तुतः तपासण्याची सोय उपलब्ध आहे. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः प्रकाशित करण्यास सुरुवात केली. विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हे खंड असतात. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला लागणाऱ्या पुस्तकांच्या दुकानांसमोर खेड्यापाड्यांतून आलेली माणसे रांगा लावतात आणि भाकरीच्या पैशातून पुस्तके विकत घेतात. वाचनाची ही भूक हा बाबासाहेबांचा फार मोठा वारसा आहे.

त्या भुकेला पुढची वाट दाखवण्याची जबाबदारी विद्यापीठांची आणि त्यांच्या ग्रंथपालांची आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बाबासाहेबांच्या नावावरचे एखादे प्रचलित वाक्य द्यावे आणि ते कोणत्या खंडात, कोणत्या प्रसंगी, कोणत्या संदर्भात आले आहे, की मुळात कुठेच आलेले नाही, ते शोधून आणण्यास सांगावे. अशा एका तासातून तो अनुक्रमणिका, सूची, आवृत्ती, अनुवाद आणि मूळ पाठ यांतील फरक शिकेल. शिवाय कोणाच्याही नावाने आलेले विधान पडताळल्याखेरीज पुढे पाठवू नये, हेही शिकेल. परळच्या चाळीतील एका मुलाला ही विद्या मिळाली, कारण वडिलांनी दागिने गहाण ठेवले, एका शिक्षकाने बागेत हटकून चौकशी केली, एका राजाने खर्च उचलला आणि परदेशातील ग्रंथालयांनी जात न विचारता आपली दारे उघडली. इतके योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ते यावे लागू नयेत, म्हणून तर त्यांनी सिद्धार्थ काढले.